घराचे छप्पर उडाले, तर विम्याचा दावा कसा करावा?



गळीत हंगाम आटोपतो न आटोपतो तोच वळवाचे दिवस येतात. दुपारी आभाळ भरते, धुळीचे लोट उठतात आणि घटकाभरात कुणाच्या घरावरचे पत्रे शेजारच्या खोडव्यात जाऊन पडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दापोली भागात हजारो घरांची कौले-पत्रे गेली, ते आपण वर्तमानपत्रांतून पाहिले. पण छप्पर उडायला चक्रीवादळच लागते असे नाही. आपल्याकडचा वळीवही तेवढे काम करून जातो.

अशा वेळी आपण तलाठी भाऊसाहेबांना बोलावतो, पंचनामा होतो आणि काम झाले असे समजून गप्प बसतो. पंचनामा जरूर करावा. पण सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये व कच्च्या घराला ४,००० रुपये अशी मदत होती. राज्य सरकार वेळप्रसंगी त्यात भर घालते, हे खरे. तरीही एवढ्यात पत्रे, अँगल आणि मिस्त्रीची मजुरी यांचा मेळ कुठे बसायचा?

घराचा विमा असेल तर गोष्ट वेगळी. आणि तो आहे की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नसते! घर बांधायला बँकेचे कर्ज काढले असेल तर हप्त्याची रक्कम बहुधा खात्यातून परस्पर वळती होते आणि पॉलिसीचा कागद बँकेच्या कपाटात राहतो. पासबुक काढून पाहा. विम्याची कपात दिसली तर शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

१ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देणे विमा नियामक प्राधिकरणाने बंधनकारक केले. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड तर तिच्यात आहेतच. घरावर झाड कोसळले तरी ते नुकसान धरतात. छप्पर उडाल्यामुळे घर उघडे पडले आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही धरतात. मात्र पोलिसांत तक्रार हवी. रोख रक्कम धरत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. दावा बुडतो तो बहुतेक वेळा पुराव्यावाचून. वारा थांबला की आपला पहिला विचार असतो, पोराबाळांच्या डोक्यावर छप्पर घालायचे. साहजिक आहे. म्हणून सकाळीच मिस्त्री येतो, वाकलेले पत्रे भंगारवाल्याच्या गाडीत जातात, आणि चार दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा त्याला दाखवायला नवे छप्पर तेवढे उरते. मग तो काय लिहिणार? तेव्हा आधी फोटो काढा. मोबाईल आता घरोघरी आहे. घर चारी बाजूंनी, आतून उघडे पडलेले आढे, भिजलेले धान्य व सामान, आणि पत्रे जिथे जाऊन पडले ती जागासुद्धा. मग वर ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी कुणी अडवत नाही. ताडपत्रीची, दोरीची, मजुरीची पावती मात्र घ्या. मोडका माल सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत परड्यात रचून ठेवा.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोनवर कळविल्यास दावा क्रमांक मागून वहीत उतरून घ्या, आणि कर्ज असेल तर बँकेलाही लेखी कळवा. उसाची नोंद करताना आपण लागणीची तारीख जशी जपतो, तशीच ही तारीख जपावी. दाव्याचा अर्जही लांबणीवर टाकू नये, मुदतीत भरावा. २०२४ च्या नियमांप्रमाणे कळविल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा, असे कंपनीवर बंधन आहे.

सर्व्हेअरचा एक प्रश्न ठरलेला असतो: हे वादळाने झाले की आधीपासूनच जीर्ण होते? गंजून भोके पडलेला पत्रा, वाळवीने पोखरलेला वासा, दरवर्षीची गळती यांचे पैसे विमा देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण छप्पर जुने होते एवढ्यावरून वादळाचे नुकसान नाकारता येत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत इथे कामी येते. आपल्या महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असेल तर त्या दिवशीच्या वाऱ्याची नोंदही मागता येते. शेजारच्या दोन घरांचे पत्रे त्याच संध्याकाळी उडाले असतील, तर त्यांचेही फोटो जोडा. दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाजपत्रक मिस्त्रीकडून लेखी घ्यावे. त्यात पत्र्याची जाडी, लांबी, संख्या, दर आणि मजुरी वेगवेगळी असावी. ‘छप्पर दुरुस्ती एकूण’ असे मोघम लिहिलेल्या चिठ्ठीला काट बसतेच.

विम्याची रक्कमही पाहून ठेवा. ती घर पुन्हा बांधायच्या खर्चाएवढी असावी. जागेची किंमत तिच्यात येत नाही. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत, १० लाखांचे घर ५ लाखांना उतरविले असेल तर ८० हजारांच्या नुकसानीचे ४० हजारच हातात पडत. भारत गृह रक्षात ही कपात नाही, मात्र अर्जात घराचे क्षेत्रफळ खरे लिहिलेले असावे. गोठा, ट्रॅक्टरची शेड, मळ्यातील वस्ती हे सारे त्यात आपोआप येते असे धरून चालू नका. पॉलिसीत कुठल्या बांधकामाचे वर्णन आहे ते आधी वाचून घ्या.

रक्कम कमी मंजूर झाली तर ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर मुकाट्याने सही करू नका. कपात कशाची केली ते लेखी विचारा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा मोफत फोन त्यासाठीच आहे. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जावे. लोकपालाचे एक कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो.