चालकदंडांचे सांधे, जुन्या लहान मोटारगाड्यांतील

एंजिनाची फिरती शक्ती दंतचक्रपेटीकडून चाकांकडे नेणाऱ्या दंडांना चालकदंड म्हणतात. हे दंड फिरत असताना त्यांच्यामधील कोन बदलू देणारी जी जोडणी असते, तिला चालकदंडाचा सांधा म्हणतात. चाके खड्ड्यांत वर-खाली होतात आणि पुढील चाके वळणावर तिरपीही होतात. दंतचक्रपेटी मात्र सांगाड्याला जखडलेली असते. हा विरोध सांधा मिटवितो. जुन्या गाडीची पुनर्बांधणी करताना एंजिन व पत्राकाम यांवर जितका खर्च व लक्ष दिले जाते, तितके या सांध्यांच्या निवडीकडे दिले जात नाही. तथापि विसंगत सांधा बसविल्यास तो रस्त्यावरच तुटण्याचा संभव असतो.

सांध्यांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. पहिला फुलीच्या आकाराचा सांधा होय. इटालियन गणितज्ञ कार्दानो व इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. कारागीर त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. दोन दुबेळक्यांमध्ये पोलादी फुली बसवून तिच्या चार टोकांना सुई-धारवांच्या टोप्या घातलेल्या असतात. या सांध्यात एक अंगभूत दोष आहे. चालक बाजूचा वेग एकसमान असला, तरी चालित बाजूचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. दोन दंडांतील कोन १०° असल्यास हा चढउतार सु. १·५ टक्के असतो. पण ३०° कोनास चालित वेग मूळ वेगाच्या ०·८७ पट ते १·१५ पट यांदरम्यान हेलकावतो. म्हणून लांब चालकदंडाच्या दोन्ही टोकांना असा एकेक सांधा देतात. दोन्ही ठिकाणचे कोन सारखे असतील आणि मधल्या दंडाच्या दोन्ही दुबेळक्या एकाच पातळीत असतील, तर एकाने केलेला दोष दुसरा नाहीसा करतो.

दुसरा वर्ग समवेगी सांध्यांचा. यांत सहा पोलादी गोळ्या वक्र खाचांत बसविलेल्या असून एक पिंजरा त्यांना दोन दंडांमधील कोनाच्या दुभाजक पातळीत ठेवतो. त्यामुळे कोन कितीही बदलला, तरी वेगात फरक पडत नाही. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात अमेरिकेत ही रचना शोधून काढली. ॲलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यानुसार १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘मिनी’ गाडीत ती पुढील चाकांपाशी वापरण्यात आली आणि लहान गाड्यांत पुढील चाकांनी ओढण्याची पद्धत रूढ झाली. सुसंगतीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होऊ शकतो, याचे मिनी हे चांगले उदाहरण आहे. तिचा आतील सांधा प्रारंभी रबराचा होता, १९७३ च्या सुमारास त्याची जागा गोळ्यांच्या सरकत्या सांध्याने घेतली. शिवाय तबकडी ब्रेकच्या गाड्यांतील बाहेरचा सांधा ढोल ब्रेकच्या गाड्यांतील सांध्याहून मोठा असे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे चालकदंड त्यामुळे परस्परांना बसत नाहीत.

महाराष्ट्रात पुनर्बांधणीसाठी सर्वांत जास्त हाताळली जाणारी जुनी लहान गाडी म्हणजे मुंबईत कुर्ला येथे बनलेली फियाट ११०० व तिचेच पुढचे रूप प्रीमियर पद्मिनी. हिचे एंजिन पुढे, चालना मागील चाकांना आणि मागचा कणा कमान-पट्ट्यांवर टांगलेला. म्हणजे सांधे फुलीचे. येथे घोटाळा होतो तो मूळ दंतचक्रपेटी वा एंजिन बदललेले असल्यामुळे. पेट्रोल एंजिनाच्या जागी डीझेल एंजिन बसविल्यावर एंजिनाची बैठक, दंडाची लांबी व सांध्यांचे कोन हे सर्वच बदलू शकतात. अशा गाडीसाठी नोंदणीपुस्तकातील सालावरून सांधा मागणे व्यर्थ असते. प्रत्यक्ष मापेच घ्यावी लागतात.

मद्रास येथे बनलेल्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिची मागील चाके स्वतंत्रपणे झुलत असून प्रत्येक बाजूच्या अर्धदंडाला आतील टोकाशी एकच फुली-सांधा असतो. तिच्यानंतर आलेल्या गॅझेलमध्ये एकसंध कणा देण्यात आला, म्हणून नाव एकाच कारखान्याचे असले, तरी मागील भागांची अदलाबदल होत नाही. मारुती ८०० (१९८३) आणि मारुती व्हॅन (१९८४) यांचे ७९६ घ. सेंमी. चे एंजिन एकच. परंतु पहिली पुढील चाकांनी ओढते व तिला समवेगी सांधे आहेत, तर दुसरी मागील चाकांनी चालते व तिला फुली-सांध्यांचा लांब दंड आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या आरंभीच्या गाड्या आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे जात आहेत.

फुली-सांधा निवडताना टोपीचा व्यास, समोरासमोरच्या टोप्यांच्या बाह्य पृष्ठांमधील अंतर आणि अडकण-कडी आत आहे की बाहेर, ही तीन मापे जुळलीच पाहिजेत. टोपी किंचित सैल असता दुबेळक्याच्या भोकाच्या कडेला टोचा मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून ती घट्ट करण्याची रीत अनेक कार्यशाळांत आढळते. ती सर्वस्वी त्याज्य आहे. फुली केंद्रात राहत नाही, दंड थरथरतो आणि नवे सुई-धारवे अल्पावधीत झिजतात. दंड सोडविण्यापूर्वी सरकत्या दातेरी भागावर खुणा न केल्यास जोडताना दुबेळक्यांच्या पातळ्या चुकतात. नवा सांधा घालूनही कंप जात नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते.

समवेगी सांध्याच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या दातांची संख्या, दंडाचा व्यास, बूट बसविण्याची खाच, चाकाच्या मळसूत्राचे माप आणि पूर्ण लांबी पाहावी. एंजिन आडवे बसविलेले असल्याने बहुतेक गाड्यांत डावा व उजवा दंड लांबीने भिन्न असतात. आतील सांध्याला आत-बाहेर सरकण्यास पुरेशी जागा नसल्यास चाक वर उचलले जाताच दंड दंतचक्रपेटीवर आदळतो. एका सांध्याच्या गोळ्या व पिंजरा दुसऱ्याच्या कवचात घालू नयेत. ते जुळवून बनविलेले असतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त वंगण ठरलेल्या मानानेच भरावे [→ वंगण].

कोल्हापूर परिसरातील रस्ते या सांध्यांची कठोर परीक्षा घेतात. गगनबावड्याहून कोकणात उतरणारे घाट किंवा आंबा घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमधील मोठे पिळाचे बळ व पूर्ण वळविलेली चाके ही दोन्ही एकाच वेळी बाहेरच्या सांध्यावर येतात. वळणावरचा ‘कटकट’ आवाज हे खाचा झिजल्याचे लक्षण होय. पावसाळ्यात फाटक्या बुटातून शिरलेले पाणी व चिखल चांगला सांधाही थोड्या दिवसांत निकामी करतात. उतरणीवर सांधा तुटला तर एंजिनाचा रोध नाहीसा होतो, गिअरमध्ये ठेवलेली गाडीही थांबून राहत नाही. फुली-सांध्याच्या गाडीत दंडाचे सुटलेले पुढचे टोक रस्त्यात रुतण्याचा धोका असतो.

शिवाजी उद्यमनगरात जुन्या भागाची प्रतिकृती लेथवर उतरविणारे कुशल कारागीर आहेत आणि शहराच्या ओतशाळा प्रसिद्ध आहेत. तेल-एंजिने व पंप यांच्या ओतकामावर या शहराचा अभियांत्रिकी व्यवसाय वाढला. म्हणूनच न मिळणारे दुबेळके स्थानिक रीत्या ओतून घेण्याचा मोह होतो. करडे ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. पण ताण व आघात यांखाली ते ठिसूळ ठरते, म्हणून ते येथे चालत नाही. घडीव पोलादाचा तुकडा यंत्रण करून, पृष्ठभाग कठीण करून घ्यावा व जोडलेला दंड गतिक संतुलन यंत्रावर तपासावा. संतुलनाचा खर्च वाचविणे परवडत नाही.

याच जिल्ह्यातील इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मीरा’ नावाच्या लहान गाडीचे अनेक नमुने स्वतः तयार केले. ती गाडी कारखान्यात कधी निघाली नाही. अशा एकमेव नमुन्यासाठी सुट्या भागांची सूची नसते. तेथे सांधा ‘मूळ’ आहे की नाही हा प्रश्न बाजूला पडतो आणि कोन, लांबी व पिळाचे बळ यांवरून तो नव्याने ठरवावा लागतो. मात्र काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली व मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. झीज होणारा सांधा बदलल्याने मूळ स्वरूपाला बाधा येते, असे मानण्याचे कारण नाही. नव्या दंडासाठी सांगाडा कापणे ही गोष्ट मात्र निराळी.