शिफारसपत्र नेमके कोणाचे घ्यावे?

अमेरिकेतील विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची नोव्हेंबर उजाडला की धावपळ सुरू होते. अनेक विभागांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते आणि अर्जासोबत साधारणतः तीन शिफारसपत्रे लागतात. अशा वेळी आपल्याकडील विद्यार्थ्यांची पावले आपसूक प्राचार्यांच्या अथवा विभागप्रमुखांच्या दालनाकडे वळतात. पद जितके मोठे, तितके पत्राला वजन, ही त्यामागील समजूत. ती बहुतांशी चुकीची आहे.

तेथे पीएच.डी.चा प्रवेश प्रामुख्याने विभागातील प्राध्यापकांची समिती ठरविते. विज्ञान शाखांत निवड झालेल्या विद्यार्थ्याचे शुल्क बहुधा माफ होते, शिवाय पाच-सहा वर्षे विद्यावेतन द्यावे लागते. त्यामुळे या विद्यार्थ्याला संशोधन जमेल काय, हे समितीला जाणून घ्यायचे असते. प्रयोग फसला तेव्हा त्याने काय केले, स्वतःहून कोणता प्रश्न उपस्थित केला, हे ज्याने पाहिले तोच सांगू शकतो. म्हणूनच एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे मार्गदर्शक, मग ते साधे सहायक प्राध्यापक का असेनात, प्राचार्यांपेक्षा केव्हाही सरस. विद्यार्थी हुशार, मेहनती व सुस्वभावी असल्याचे प्रशस्तिपत्र समितीच्या फारसे उपयोगाचे नसते.

गुणांचाही मुद्दा येथे येतो. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. आपली गुणपद्धती ठाऊक नसलेल्या परदेशी वाचकाला हा आकडा सुमार वाटू शकतो. विद्यार्थी वर्गात कितवा आला, विषय किती कठीण होता, हे शिक्षकाने एका वाक्यात सांगितले तरी चित्र पालटते.

दुसरे पत्र उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या काळातील मार्गदर्शकांचे असावे. प्रत्यक्ष काम एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या हाताखाली झाले असेल, तर त्याच्याकडून तपशील घेऊन पत्र प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी लिहावे. तिसरे पत्र वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकांचे चालेल. नोकरीतील वरिष्ठांचे पत्र मात्र काम संशोधनाशी निगडित असेल तरच घ्यावे.

‘मसुदा तूच करून आण, मी सही करतो,’ असे सांगणारे प्राध्यापक आपल्याकडे कमी नाहीत. वेळेचा अभाव हे कारण खरे असते. पण एकाच हातची तीन पत्रे वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येतात आणि अनेक विद्यापीठांच्या नियमांतही हे बसत नाही. अशा प्राध्यापकांना प्रकल्प अहवाल, गुणपत्रिका, उद्देशपत्राचा मसुदा आणि केलेल्या कामाचे मुद्दे मुदतीच्या किमान महिनाभर आधी द्यावेत. ‘सर, माझ्या बाजूने ठामपणे लिहिता येईल का?’ असे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना ते घुटमळले, तर आभार मानून दुसरे दार ठोठवावे.

पत्र पाहण्याचा हक्क सोडता काय, असा प्रश्न अर्जात असतो. अमेरिकेच्या 1974 च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास हा हक्क दिला आहे. तो सोडल्याने पत्र गोपनीय राहते व समितीचा त्यावर अधिक विश्वास बसतो. तेव्हा तो सोडावा. शिफारसकर्त्यांचा ई-मेल पत्ताही शक्यतो संस्थेचाच द्यावा. विद्यापीठाकडून येणारा दुवा कित्येकदा नको असलेल्या टपालात जाऊन पडतो. मुदतीच्या आठवडाभर आधी सरांना त्याची नम्र आठवण करून द्यावी.