इंग्रजीशी गाठ (भाग ६) : ‘विच’ की ‘व्हॉट’?

शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हाचं मूर्तिजापूर जंक्शन आठवा. वऱ्हाडातल्या कापसासाठी ब्रिटिश काळात टाकलेल्या त्या नॅरोगेजचे इथून दोन फाटे निघत. एक यवतमाळला जाई, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटर. नॅरोगेजच्या फलाटावर भेटलेल्या ओळखीच्या माणसाला विचारायचं, ‘कोणत्या गाडीनं चालला?’ इंग्रजीत हा प्रश्न ‘विच ट्रेन’ असा होईल, कारण गाड्या दोनच आणि त्या दोघांनाही ठाऊक. तेच नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याला फोनवर विचारायचं असेल, तर मेल, एक्स्प्रेस, पॅसेंजर काहीही असू शकतं. तिथे ‘व्हॉट ट्रेन आर यू टेकिंग?’ असं सहज विचारता येतं.

मराठीत दोन्ही ठिकाणी ‘कोणती’ चालतं, म्हणून मुलं अडतात. प्रश्न तोंडातून निघण्याआधी एकच गोष्ट पाहायची : निवड ठरावीक गोष्टींतून करायची आहे की मैदान मोकळं आहे? दुकानदारानं दोन साड्या पुढ्यात टाकल्या की ‘विच कलर’. अजून एकही गठ्ठा सुटलेला नाही तेव्हा ‘व्हॉट कलर’. मधल्या जागेत, म्हणजे आठवड्याचा वार विचारताना वगैरे, दोन्ही चालतात. तिथे उगाच जीव काढू नये. माणसांबद्दल विचारताना ‘कोण’साठी ‘हू’ येतो, पण ‘तुमच्यापैकी कोण’ म्हणायचं झालं की ‘विच ऑफ यू’. ‘हू ऑफ यू’ म्हणू नये.

‘का’ विचारण्याच्या बाबतीत मात्र आपण वऱ्हाडी माणसं जात्याच तयार आहोत, आणि हे शाळेत कोणी सांगत नाही याची मला खरंच खंत वाटते. ‘काहून उशीर झाला?’ याचं उत्तर ‘गाडी चुकली’ असं येतं. ते कारण झालं. ‘चाकू कायले पायजे?’ याचं उत्तर ‘कांदे चिराले’. तो हेतू झाला. पहिल्याला ‘व्हाय आर यू लेट?’, दुसऱ्याला ‘व्हॉट डू यू वाँट द नाइफ फॉर?’. ‘फॉर’ वाक्याच्या शेवटी लोंबकळतो म्हणून मुलं तो गाळून टाकतात. गाळला की प्रश्नच मोडतो. आणि दारात आलेल्या माणसाला ‘कायले आला?’ म्हटलं तर त्याला जसं लागतं, तसंच ‘व्हॉट डिड यू कम फॉर?’ हेही लागतं. पाहुण्याला ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?’ असं विचारावं. त्यात आपुलकी आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘कसा’ करतो. ‘तुझी आई कशी आहे?’ म्हणजे तब्येत विचारायची असेल तर ‘हाऊ इज युवर मदर?’. स्वभाव विचारायचा असेल तर ‘व्हॉट इज युवर मदर लाइक?’. हा ‘लाइक’ आवडण्याचा नव्हे, म्हणून उत्तरात ‘शी लाइक्स टी’ असं लिहिलं की गुण गेले. गावाबद्दल, नव्या शाळेबद्दल, नव्या सरांबद्दल विचारतानाही हाच साचा वापरायचा. याच पठडीतली दुसरी चूक : ‘तुला याबद्दल कसं वाटतं?’ मनात धरून ‘हाऊ डू यू थिंक अबाउट इट?’ विचारणं. मत विचारायचं तर ‘व्हॉट डू यू थिंक’. मनाची अवस्था विचारायची तर ‘हाऊ डू यू फील’.

दहावीच्या पेपरात अधोरेखित भाग उत्तर म्हणून मिळेल असा प्रश्न तयार करायला सांगतात. तिथे वाक्य वाचून लगेच ‘व्हॉट’ ठोकून देऊ नका. अधोरेखित भागावर बोट ठेवा आणि तो कशाचं उत्तर आहे हे घरच्या बोलीत स्वतःला विचारा : कोण, कायले, काहून, कवा, कुठी? बोलीतला प्रश्न सापडला की इंग्रजी शब्द निम्मा हाती आलाच.

या आठवड्यात तीन वाक्यं इंग्रजीत विचारून पाहा : ‘तुमच्यापैकी कोणाला पोहता येतं?’, ‘ही दोरी कायले आणली?’, ‘लाखपुरीची जत्रा कशी असते?’ पुढच्या भागात ‘किती’ घेऊ. त्याला इंग्रजीत किती वेळ, किती वेळा, किती लांब अशी वेगवेगळी दारं आहेत.