विश्लेषण : पाणाड्याचा नारळ उभा राहतो, पण पाणी कुठे आहे हे त्याला कळते का?

विहीर आटली की बोअर घ्यायची वेळ येते. ती कुठे घ्यायची हे ठरवायला आजही अनेक गावांत आधी पाणाड्याला बोलावले जाते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका जागी उभा राहतो किंवा कडुलिंबाची बेचकी खाली झुकते, आणि 'पॉइंट' ठरतो. बोअर कोरडी गेली तर खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, अनेकदा कर्ज काढून केलेला. जमिनीखालचे पाणी अंगभूत शक्तीने कळते, या दाव्यात तथ्य किती?

नारळ खरेच हलतो का?

हलतो, आणि पाणाड्या तो मुद्दाम हलवतो असेही नाही. एखादी हालचाल होणार अशी मनात अपेक्षा असली, की स्नायू नकळत सूक्ष्म हालचाल करतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये याला 'आयडिओमोटर' असे नाव दिले. बेचकी ताणून धरलेली असते, नारळाचा तोल नाजूक असतो. त्यामुळे हाताचा किंचित झुकावही मोठा दिसतो. म्हणूनच बहुतेक पाणाड्यांचा स्वतःच्या शक्तीवर मनापासून विश्वास असतो.

चाचण्यांत काय आढळले?

जर्मनीत कासेल येथे १९९० मध्ये सुमारे ३० पाणाड्यांची चाचणी झाली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर नळ पुरला होता. त्यातून पाणी वाहते आहे की बंद आहे, एवढेच ओळखायचे होते. अटी योग्य असल्याचे सहभागींनी आधीच मान्य केले होते आणि यशाची त्यांना खात्री होती. निकाल मात्र नाणे उडवून मिळावा तसाच लागला.

त्याआधी म्युनिकजवळच्या एका कोठारात ८४३ चाचण्या झाल्या होत्या. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ पाणाडे वरच्या मजल्यावर आणि पाण्याचा नळ खाली, अशी रचना होती. काही जणांना ही शक्ती असल्याचा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. पुढे जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासली, तेव्हा 'चांगले' ठरलेले पाणाडेही पुढच्या फेरीत तेच यश दाखवू शकले नव्हते, असे दिसले.

मग पाणी लागते ते कसे?

श्रीलंकेतील एका जर्मन प्रकल्पात पाणाड्याच्या मदतीने घेतलेल्या ६९१ बोअरपैकी ९६ टक्के यशस्वी झाल्याचा दावा समर्थक करतात. पण त्याच भागात पाणाड्याविना, सहज निवडलेल्या जागी किती बोअरना पाणी लागले असते, याची तुलना त्यात नव्हती. अनेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या खोलीवर थोडेफार पाणी असतेच.

दुसरे कारण अनुभवाचे. ओढ्याचे वळण, उंबराचे झाड, वारूळ, जमिनीचा उतार या खुणा जाणता माणूस न्याहाळतो. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त अशा खुणांवर स्वतंत्र अध्याय आहे. हे निरीक्षण झाले. त्याला अतींद्रिय शक्ती लागत नाही. शिवाय लागलेल्या पाण्याची चर्चा गावभर होते, कोरड्या बोअरची फारशी कोणी काढत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाने फसवणूक करणे हा गुन्हा आहे. मात्र ज्योतिष आणि वास्तुशास्त्राप्रमाणेच भूगर्भातील पाण्याबाबत पाणाड्याने दिलेला सल्लाही कायद्याने वगळला आहे.

शेतकऱ्यापुढे पर्याय कोणता?

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्ट खडकाचा आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते, त्यामुळे शंभर फुटांवरही चित्र बदलू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक खडकाची रचना, आसपासच्या विहिरींची पातळी आणि विद्युत रोधकता तपासून जागा सुचवतात. तेही हमी देत नाहीत, पण त्यांचा अंदाज कशावरून काढला हे तपासता येते. पाणाड्यालाच बोलवायचे असेल, तर त्याने दाखवलेल्या मागच्या सगळ्या जागांची यादी मागावी, कोरड्या गेलेल्या धरून. मशीन शेतात येण्याआधी एवढी चौकशी करायला पैसे लागत नाहीत.