मनोवाचनाचे खेळ
प्रेक्षकाने मनात धरलेला अंक, निवडलेला पत्ता, मुठीत लपविलेली सोंगटी किंवा पुढे करावयाची निवड न पाहता ओळखून दाखविण्याचे करमणुकीचे खेळ. जादूच्या खेळांचा हा एक पोटप्रकार असला, तरी त्यात वस्तू नाहीशी करणे वा हवेतून काढणे यांसारख्या हातचलाखीला गौण स्थान असते. प्रयोगकर्ता आपल्याला जे कळले, ते मनाच्या सामर्थ्याने कळले असा आभास निर्माण करतो. प्रत्यक्षात ते गणित, वस्तूंचा क्रम, प्रेक्षकाच्या निवडीचे नियमन किंवा साथीदाराशी ठरविलेली खूण यांपैकी एखाद्या मार्गाने कळलेले असते. या खेळांना खास साहित्य लागत नाही. फासे, कवड्या, सोंगट्या, बुद्धिबळाचा पट व पत्ते अशा प्रेक्षकांच्या रोजच्या ओळखीच्या वस्तू वापरल्यास उलट परिणाम अधिक होतो, कारण साहित्यातच काही खोट असावी, ही शंका उरत नाही.

द्यूत आणि अंतर्ज्ञान यांची सांगड भारतीय परंपरेत जुनी आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळ येथे रामेश्वर (क्र. २१) व धुमार लेणे (क्र. २९) या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळत असल्याचे शिल्पपट आहेत. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात तर या विषयाचे मर्मच आले आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे रथातून जात असता वाटेवरच्या बेहड्याच्या झाडावरील पानांची व फळांची संख्या एका दृष्टिक्षेपात सांगतो. सारथ्याच्या वेषातील नल ती मोजून पाहतो, तेव्हा ती बरोबर ठरते. नंतर ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे रहस्य शिकवितो. बेहड्याची फळे हेच प्राचीन काळी फासे म्हणून वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथेतील योजना उलगडते. ऋतुपर्णाची विद्या ही सिद्धी नसून गणना आहे, ती शिकविता येते आणि तिचा पडताळा घेता येतो, असे कथाकार सुचवितो.

फाशांवरील सर्वांत सोपा प्रयोग पुढीलप्रमाणे असतो : प्रयोगकर्ता पाठ फिरवून उभा राहतो व प्रेक्षकाला तीन घनाकार फासे एकावर एक रचावयास सांगतो. मग वळून एकवार पाहतो आणि न दिसणाऱ्या पाच आडव्या बाजूंवरील (फाशांमधील चार व तळाची एक) ठिपक्यांची बेरीज तत्काळ सांगतो. आजच्या फाशाच्या समोरासमोरील बाजूंची बेरीज नेहमी ७ असते, त्यामुळे तीन फाशांच्या वरच्या व खालच्या बाजूंची मिळून बेरीज २१ होते. सर्वांत वर दिसणारा अंक त्यातून वजा केला की उत्तर मिळते. मोहें-जो-दडो येथे सापडलेल्या घनाकार फाशांवर एकासमोर दोन, तिनासमोर चार व पाचासमोर सहा अशी मांडणी आढळते. त्या फाशांनी हा प्रयोग फसला असता.

कवड्यांचा प्रयोग याहून चतुर आहे. सात कवड्या टाकून त्यांतील उताण्या किती, एवढे प्रयोगकर्ता पाहून ठेवतो व पाठ फिरवितो. प्रेक्षकाने कोणत्याही दोन-दोन कवड्या एका वेळी उलटवीत जावे, कितीही वेळा, आणि शेवटी एक कवडी हाताखाली झाकावी. प्रयोगकर्ता वळून ती उताणी की पालथी, हे सांगतो. दोन कवड्या उलटविल्याने उताण्यांची संख्या दोनने वाढते, दोनने घटते किंवा तेवढीच राहते. ती आधी विषम असेल, तर अखेरपर्यंत विषमच राहते. उघड्या सहा कवड्यांतील उताण्या मोजल्या, की झाकलेलीचे रूप निश्चित होते. सम-विषमाचे हेच तत्त्व बुद्धिबळाच्या घोड्यालाही लागू पडते : दर चालीस तो घराचा रंग बदलतो, म्हणून आरंभीचे घर व चालींची संख्या ठाऊक असल्यास तो काळ्या घरात आहे की पांढऱ्या, हे पट न पाहता कळते.

पत्त्यांमध्ये २१ पत्त्यांचा खेळ घरोघरी माहीत आहे. पत्ते एकेक करून तीन ओळींत वाटावयाचे, प्रेक्षकाने मनातल्या पत्त्याची फक्त ओळ सांगावयाची आणि ती ओळ दोहोंच्या मधे ठेवून पत्ते गोळा करावयाचे. असे तीनदा केल्यावर तो पत्ता नेमका अकरावा येतो. पहिल्या फेरीनंतर तो आठव्या ते चौदाव्या जागांत सापडतो, दुसरीनंतर दहाव्या ते बाराव्या आणि तिसरीनंतर एकच जागा उरते. २७ पत्ते घेतल्यास व सांगितलेली ओळ वर, मधे किंवा खाली ठेवण्याचा क्रम बदलल्यास पत्ता हव्या त्या जागी आणता येतो. फ्रेंच गणितज्ञ झेर्गॉन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याची गणिती मीमांसा केली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० गोल पत्ते असतात. त्यांतील २१ पत्ते घेऊनही हा खेळ होतो, कारण त्याचा आधार चित्रांवर नसून केवळ जागांवर आहे.

अंकांच्या प्रयोगांना महाराष्ट्राने एक मोलाची देणगी दिली आहे. देवळाली येथील शाळाशिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म शोधून काढला. एक्का ते नव्वी यांमधून प्रेक्षकाने कोणतेही चार पत्ते काढावेत. चारही सारखे मात्र नसावेत. त्यांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या अंकांवर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ ही संख्या येते व पुढे तीच कायम राहते. उदा., ७, २, ५, १ हे पत्ते आल्यास ७५२१ – १२५७ = ६२६४; ६६४२ – २४६६ = ४१७६; ७६४१ – १४६७ = ६१७४. मधल्या वजाबाकीत शून्य आल्यास तेही अंक म्हणून धरावे लागते. प्रयोगकर्त्याने ही संख्या आधीच लिहून लखोट्यात बंद केलेली असते. त्याच प्रेक्षकांपुढे हा खेळ दुसऱ्यांदा करणे अर्थातच शहाणपणाचे नाही.

वरील प्रयोगांत गणित खरे असते व प्रेक्षकाची निवडही खरी असते. निवड खरी नसून तशी केवळ भासते, असा एक वर्ग आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. सारीपाटाच्या चार रंगांच्या चार सोंगट्या समोर ठेवल्या आहेत आणि ‘पिवळी निवडली जाईल’ असे भाकीत आधी लिहून ठेवले आहे, असे समजू. प्रेक्षकाला कोणत्याही दोन सोंगट्यांवर बोट ठेवावयास सांगतात. त्यांत पिवळी असेल, तर ‘या दोन ठेवू’ आणि नसेल, तर ‘या दोन बाजूला करू’ असे प्रयोगकर्ता म्हणतो. उरलेल्या दोहोंपैकी एक उचलून देण्यास सांगतात. पिवळी हाती आली, तर तीच निवड ठरते. दुसरी आली, तर ती दूर ठेवून ‘आपण पिवळी शिल्लक ठेवलीत’ असे म्हटले जाते. नियम आधी सांगितलेला नसल्यामुळे प्रत्येक वाटेने पिवळीच उरते. पण आपण दोनदा मोकळेपणी निवड केली, असे प्रेक्षकाला प्रामाणिकपणे आठवत राहते. इतरांना हकीकत सांगताना तो मधला ‘ठेवू’ व ‘बाजूला करू’ हा भाग बहुधा गाळतो. भोंदू भविष्यवेत्त्यांची कीर्ती पसरविण्यास हे गाळणेच पुष्कळदा कारण होते.

खुणांचे प्रयोग रस्त्यावरच्या खेळांतून सर्वांच्या परिचयाचे आहेत. मदाऱ्याचा जमुरा चादरीखाली पडून प्रेक्षकाच्या हातातील वस्तू ओळखतो. प्रश्नातील शब्दांच्या फेरफारात उत्तर दडलेले असते. नंदीबैल मान हलवून होय-नाही सांगतो, तो मालकाच्या सूक्ष्म खुणेवरून. खूण देणाऱ्यालाही आपण ती देत आहोत याची जाणीव नसते, असेही घडू शकते. बर्लिन येथील ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा टापा आपटून बेरजा सोडवितो, अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये असे दाखविले, की उत्तराचा आकडा जवळ आल्यावर प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची व चेहऱ्याची अजाणता होणारी हालचाल घोडा टिपत असे. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, की घोडाही चुके.

या खेळांचे रहस्य सांगणे व लपविणे, दोन्हींना परंपरा आहे. इंग्लंडमध्ये रेजिनल्ड स्कॉट यांनी १५८४ मध्ये चेटकीविषयक ग्रंथात हातचलाखीच्या व पत्त्यांच्या युक्त्या उघड केल्या. चेटूक म्हणून ज्याबद्दल माणसांना शिक्षा होते, ते नजरबंदीने करता येते, हे त्यांना दाखवायचे होते. भारतीय उपखंडात अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) यांनी १९६३ मध्ये जाहीर केलेल्या एक लाख रुपयांच्या आव्हानातील एक कसोटी मोहोरबंद पाकिटातील चलनी नोटेचा क्रमांक वाचून दाखविण्याची होती. त्यांच्या हयातीत ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कार करून दाखविणे व लगेच त्यांची कारणे सांगणे, ही प्रचाराची पद्धत रूढ केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांना फसविणे, हे त्याच्या अनुसूचीनुसार गुन्ह्यात मोडते.

रंगमंचावरील प्रयोगकर्त्यास कोवूरांच्या कसोटीची भीती नसते, कारण तो सिद्धीचा दावा करीत नाही. आधुनिक मनोवाचकांपैकी अनेकजण कार्यक्रमाच्या आरंभीच तसे सांगून टाकतात. त्याने खेळाची गोडी कमी होत नाही, असा अनुभव आहे. कवडी पालथी असल्याचे कसे कळले, हे प्रेक्षक घरी गेल्यावर सात कवड्या घेऊन शोधू लागतो आणि बहुधा त्याला ते सापडते.