लॅम्पशेडचा सूर, पातेल्याचा ताल

पातेल्यावर डाव आपटला की जे होतं, त्याला आपण 'आदळआपट' म्हणतो. पण लंडनमधल्या एका बाईंना धातूच्या साध्या हिरव्या लॅम्पशेडमध्ये चक्क सूर सापडला! डेलिया डर्बीशायर त्यांचं नाव. जन्म १९३७चा, कॉव्हेंट्रीचा. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या. १९५९ मध्ये एका बड्या रेकॉर्ड कंपनीत काम मागायला गेल्या, तर उत्तर मिळालं, आम्ही स्टुडिओत बायकांना घेत नाही.

बाई थांबल्या नाहीत. पुढे बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये त्या काम करू लागल्या. हे वर्कशॉप १९५८ मध्ये सुरू करण्यातही डॅफ्नी ओरॅम या बाईंचा पुढाकार होता, बरं का! १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' ही मालिका आली. तिच्या शीर्षक-संगीताची चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती कागदावरून कानापर्यंत आणली डेलियाबाईंनी. वाद्यवृंद नाही, सिंथेसायझर नाही. एक तार छेडायची, टेपवर घ्यायची, टेपचा वेग कमी-जास्त करून वेगवेगळे स्वर काढायचे, मग ते तुकडे पात्याने कापून एकेक जोडायचे. आपण गोधडीला तुकडे जोडतो ना, अगदी तसं! लॅम्पशेडचंही तेच. ठोक्याचा क्षण कापून टाकला आणि मागे रेंगाळणारा नाद तेवढा ठेवला.

ते ऐकून ग्रेनर थक्कच झाले. श्रेयात बाईंचं नाव यावं अशी त्यांची इच्छा होती, पण बीबीसीच्या नियमात ते बसेना. २००१ मध्ये डेलियाबाई गेल्या. त्यांच्या माळ्यावर २६७ टेप निघाल्या. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव झळकलं ते थेट २०१३ मध्ये, पन्नास वर्षांनी!

मैत्रिणींनो, हे आज सांगायचं कारण म्हणजे ती कापाकापी आता घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही करता येते. 'प्युअर डेटा' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये आणलेला, आणि पूर्णपणे मोफत. यात प्रोग्रॅमिंग करायचं ते लांबलचक ओळी लिहून नाही, तर चौकटी मांडून आणि त्यांना रेघांनी जोडून.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतून पाइप, पाइपला कॉक, खाली नळ. इथेही तसंच. सगळ्यात वरची चौकट आवाज तयार करते. मधली चौकट गुणाकाराची, म्हणजे आपला कॉक. तिथे ०.१ लिहिलं की आवाज हळू होतो. खालची चौकट तो स्पीकरकडे सोडते. नावापुढे लाटेसारखी खूण असलेल्या चौकटीतून आवाज वाहतो, एवढं ध्यानात ठेवायचं. वरच्या चौकटीत २२० लिहा, एक सूर ऐकू येईल. त्याला 'सा' माना. आता ४४० करा, हा झाला तार सप्तकातला सा! पेटी शिकलेल्या बायकांना हे लगेच कळेल. दुप्पट कंपनं म्हणजे वरचं सप्तक, निम्मी म्हणजे खालचं.

मग पातेल्याकडे वळा. माइकवर एक ठोका घ्या. सीडीच्या दर्जाने मोजलं तर एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० आकडे होतात. प्युअर डेटा ते एका तक्त्यात ठेवतो आणि त्याची नागमोडी रेघ पडद्यावर दाखवतो. यालाच 'सॅम्पल' म्हणायचं. हा तक्ता दुप्पट वेगाने वाचला की पातेलं वरच्या सप्तकात वाजतं, निम्म्या वेगाने वाचला की घंटेसारखं घुमतं. सुरुवातीचा ठोका वगळून वाचा, म्हणजे लॅम्पशेडची युक्ती तुमच्या हातात आली!

सोपं आहे का? पहिले काही दिवस नाही. चौकटींची नावं इंग्रजीत आहेत आणि रेघ चुकीच्या जागी जोडली की सगळं गप्प! पण कुठल्याही चौकटीवर माऊसचं उजवं बटण दाबून 'हेल्प' निवडलं, की तिचं चालतं उदाहरण समोर उघडतं. ते मोडून-जोडून पाहणं हीच इथली शिकवणी. दोन गोष्टी मात्र पाळा. आवाज आधी अगदी कमी ठेवा, आणि माइक चालू असताना स्पीकरऐवजी हेडफोन लावा, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी ऐकावी लागेल.

हे परदेशातलं खूळ आहे असंही समजू नका. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता आणि त्यावर काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. तिथल्या टेप जगासमोर आल्या त्या २०२३ मध्ये.

म्हणून शेवटी एवढंच. जात्याची घरघर असो, सुपाची सळसळ असो की चुलत आजीच्या बांगड्यांची किणकिण, जे आवाज घरातून हळूहळू चाललेत ते आधी टिपून ठेवा. त्यातून काही तयार केलंत, की फाइल सेव्ह करताना तिला आपलं नाव द्या. पूर्ण नाव!