आधी विमान, मागून इंजिन

जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांनी भारतासाठी आखलेले ‘मरुत’ १९६१ साली बंगळूर येथे आकाशात झेपावले, तेव्हा त्याची घडण ध्वनीच्या दुप्पट वेगाची आकांक्षा बाळगून झाली होती. इंजिन मात्र त्या तोलाचे नव्हते. ज्या ऑर्फियस-१२ वर सारी भिस्त होती, त्याच्या विकासाचा खर्च उचलण्यास आपण नकार दिला आणि दुर्बळ ऑर्फियस-७०३ च्या जोडीवर भागविले. परिणामी ‘मरुत’ ध्वनिवेगाच्या आसपासच घुटमळले. १९७१ साली लोंगेवाल्यात पराक्रम झाला खरा. पण तो वैमानिकांचा, नियोजकांचा नव्हे!

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, तशीच ही जोडी आहे. हवा घेणाऱ्या मुखाचा आकार, इंधनाची जागा, वजनाचा तोल हे सारे इंजिनावरून ठरते, आणि इंजिन सिद्ध व्हावयास सांगाड्याहून अधिक काळ लागतो. असे असता हलक्या लढाऊ विमानाला, म्हणजे पुढच्या ‘तेजस’ला, १९८३ साली मंजुरी मिळाली, त्याच्यासाठीच्या ‘कावेरी’ इंजिनाला पूर्ण मंजुरी मिळावयास १९८९ साल उजाडले. ‘तेजस’ २००१ साली उडाले ते अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर, आणि २००८ साली ‘कावेरी’ची त्याच्यापासून रीतसर फारकत झाली.